रिकाम्या डब्याचे उत्तरदायित्व

वापरून उरलेल्या वस्तूची वाट कोणी लावावयाची, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात जुना आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. पुढील वर्षी तेथील कार्यकर्ते लगतच्या सिंदी गावी सफाईसाठी जाऊ लागले. १९४६ मध्ये विनोबांनी पवनारजवळच्या सुरगावात तेच व्रत चालविले. या उद्योगामागे एक गृहीत होते : गावात जे टाकाऊ पडते ते मातीत मुरते व खत होऊन शेतात परतते. मैल्याच्या खतास 'सोनखत' म्हणणारी आपली भाषा त्या गृहीताची साक्ष देते. खड्डा आणि माती ही निकाल लावण्याची साधने वापरणाऱ्याच्याच हाती असल्यामुळे उत्तरदायित्वही त्याच्यावर टाकणे न्याय्य होते.

मगनवाडीतच कुमारप्पा मात्र वस्तूच्या दुसऱ्या टोकाकडे पाहत होते. ग्राहक जी वस्तू विकत घेतो, ती ज्या परिस्थितीत निर्माण झाली तिच्या पापपुण्याचा तो वाटेकरी होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. उत्तरदायित्वाची साखळी ग्राहकापासून मागे उत्पादकापर्यंत गेली. उत्पादकापासून पुढे, टाकून दिलेल्या वस्तूपर्यंत ती नेण्याचे कारण तेव्हाच्या खेड्यात फारसे पडले नव्हते.

ते कारण कपाशीवरील कीटकनाशकाच्या डब्याने आणले. शेतकरी त्यातील द्रव्यास 'औषध' म्हणतो, आणि औषधाची बाटली धुऊन ठेवण्याची आपल्या घरांची रीतच आहे! हा डबा मातीत मुरत नाही. घरात राहिला तर पाण्यातेलासाठी पुन्हा वापरला जातो.

उत्पादकाच्या विस्तारित उत्तरदायित्वाची चर्चा स्वीडनमधील थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडलेल्या कल्पनेपासून आरंभण्याचा प्रघात आहे. परंतु १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखालील १९७१ च्या नियमांत, नियम ४४ मध्ये, रिकामी वेष्टने व उरलेले द्रव्य यांची सुरक्षित विल्हेवाट लावणे हे उत्पादकाचे कर्तव्य म्हणून आधीच नमूद झाले होते. दुर्दैव असे की त्याच वाक्यात उत्पादक, मिश्रण तयार करणारे आणि फवारणीचा व्यवसाय करणारे एका ओळीत बसविले गेले. 'आणि' या उभयान्वयी अव्ययाने कर्तव्य तिघांवर सोपविले. कोणाचा वाटा किती, हे सांगितले नाही. रीतही जुनीच : वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. सिंदीच्या सफाईतील खड्डा येथे विषासाठी योजला गेला.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या केली. तीत कीटकनाशकांचे डबे, रंगांचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे आणि वापरलेल्या बॅटऱ्या होत्या. शहरांत दर वीस चौरस किलोमीटरांस, वा त्याच्या भागास, एक संकलन केंद्र स्थानिक संस्थेने उभारावे व नागरिकाने कचरा तेथे नेऊन द्यावा, अशी योजना होती. या नियमांचा भर नागरी क्षेत्रावर होता. कीटकनाशकाचा डबा प्रामुख्याने खेड्यातील घरात रिकामा होतो. शब्दयोजनाही विचारार्ह आहे. ज्याच्या घरातून डबा बाहेर पडतो तो नियमांच्या परिभाषेत 'वेस्ट जनरेटर', म्हणजे कचरा निर्माण करणारा. डबा निर्माण करणाऱ्यास त्या नात्याने हे नाव मिळत नाही. उलट आमच्या जिल्ह्यात 'उत्पादक' म्हटले की ऐकणाऱ्यास प्रथम कापूस उत्पादक शेतकरीच आठवतो, त्यामुळे 'उत्पादकाची जबाबदारी' हे शब्द त्याच्या कानी कसे पडत असतील ते सांगावयास नको.

बॅटरीच्या बाबतीत मात्र शासनाने निराळा मार्ग धरला. २००१ च्या नियमांनी शिसे-आम्ल बॅटऱ्या परत गोळा करणे उत्पादकावर बंधनकारक केले आणि २०२२ मध्ये हे बंधन इतर प्रकारच्या बॅटऱ्यांनाही लागू झाले. शिशास बाजारात भाव असतो, म्हणून जुनी बॅटरी कबाडी स्वतः मागावयास येतो. विषाने माखलेल्या डब्यास तसे गिऱ्हाईक नाही. २०२२ मध्येच प्लॅस्टिक वेष्टनांसाठीही उत्पादकांची उद्दिष्टे ठरविण्यात आली. तथापि हा हिशेब वजनाचा आहे. पुनर्वापर उद्योगाकडून प्रमाणपत्रे घेऊन उद्दिष्ट पुरे करता येते, आणि त्यासाठी हिंगणघाट किंवा समुद्रपूर तालुक्यातील गोठ्याच्या आढ्यास टांगलेला डबा कोणी खाली उतरविण्याची आवश्यकता पडत नाही.