कन्व्हेयर पट्टा : थांबला तरी सावध
औष्णिक वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या कन्व्हेयरचा पट्टा ड्रमवर जिथे चढतो, ती फट सर्वांत घातक असते. फिरत्या ड्रमला चिकटलेला कोळसा खरवडताना हात क्षणार्धात आत ओढला जातो. कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम २१ने यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षक कुंपण सक्तीचे केले, ते अशाच अपघातांसाठी.

जोडणी : सांगाडा सरळ रेषेत बसवावा. रोलर पट्ट्याशी काटकोनात असावेत, अन्यथा पट्टा एका बाजूस सरकतो.

वापर : सुरू करण्यापूर्वी भोंगा वाजवावा. पट्टा थांबविणारी आपत्कालीन दोरी संपूर्ण लांबीभर हाताशी असावी.

देखभाल : वीजपुरवठा तोडून स्विचला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याकडेच असावी. पट्ट्याला ताण देणारे वजन अडकवून ठेवावे. चढावरचा भरलेला पट्टा थांबल्यानंतरही मागे घसरू शकतो.