पावती अनुसंधानची, काम ‘साथी’चं

नंदुरबारहून निघून तापीचा पूल ओलांडला की प्रकाशा लागतं. गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ आणि दक्षिण काशी ही ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचा रस्ता शहाद्याला जातो आणि तिथून सातपुडा चढतो. या जिल्ह्यातल्या गावांनी 2007 पासून सरकारी दवाखान्यांची झडती घ्यायला सुरुवात केली. आरोग्य सेवांवरच्या लोकाधारित देखरेखीसाठी महाराष्ट्रातले पहिले पाच जिल्हे निवडले गेले: पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि नंदुरबार. औषधं मिळतात का, नर्सबाई येतात का, पैसे मागितले जातात का, यावर गावानं हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांच्या तोंडावर तो वाचून दाखवायचा. पैसा राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा होता. राज्यपातळीवर समन्वयाचं काम पुण्याच्या ‘साथी’कडे होतं आणि प्रत्यक्ष गावपातळीवर स्थानिक संघटनांकडे.

कागदोपत्री मात्र ‘साथी’ ही वेगळी संस्था नाहीच. ते अनुसंधान ट्रस्टचं एक केंद्र आहे.

हा ट्रस्ट 1991 चा. डॉ. अमर जेसानी आणि त्यांच्यासारख्या आरोग्य चळवळीतल्या मंडळींना संशोधन करायचं होतं, पण सरकारच्या किंवा औषध कंपन्यांच्या ओंजळीनं पाणी पिऊन नव्हे. सुरुवातीची वर्षं स्वेच्छेच्या बळावर गेली. 1994 साली ‘सेहत’ हे संशोधन केंद्र उभं राहिलं. त्याच ‘सेहत’मध्ये लोकांबरोबर, संघटनांबरोबर प्रत्यक्ष काम करणारा गट तयार होत गेला. डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. संशोधकांची लय वेगळी आणि मोर्चा-जनसुनवाईची लय वेगळी. एका केंद्रात दोन्ही मावेनात, तेव्हा 2005 साली ‘साथी’ वेगळी झाली. भांडून नवं रजिस्ट्रेशन काढायला कुणी गेलं नाही. ट्रस्ट तोच राहिला, केंद्रं वेगळी झाली. त्याच वर्षी नीतिशास्त्र आणि हक्क या विषयासाठी तिसरं केंद्रही त्याच छत्राखाली निघालं.

मराठी मुलखातल्या संस्थांचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट दुर्मीळ वाटते. आपल्याकडे दोन कार्यकर्त्यांचं पटेनासं झालं की तिसऱ्या महिन्यात नवं लेटरहेड छापून येतं.

छत्र एक असलं तरी आवाज दबला नाही, हे ‘सेहत’च्या कामावरून दिसतं. गर्भलिंगनिदानाविरोधातला कायदा 1994 चा. तो राबवलाच जात नव्हता. 2000 साली ‘सेहत’, ‘मासूम’ ही संघटना आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयानं 2001 मध्ये केंद्राला आणि राज्यांना खडसावलं, 2003 मध्ये अंतिम निकाल दिला आणि त्याच सुमारास कायदाही दुरुस्त झाला. त्या निकालावर पहिलं नाव ट्रस्टच्या एका केंद्राचं आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिकेबरोबर 2000 साली सुरू झालेलं ‘दिलासा’ हे घरगुती हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं केंद्रही ‘सेहत’चंच काम. पुढे पालिकेनं ते आणखी रुग्णालयांत नेलं.

आता हे सगळं प्रकाशा-शहाद्याच्या एखाद्या नव्या गटाच्या नजरेनं पाहा. स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चार पोरांनी काही सुरू करायचं म्हटलं तर देणगीदाराचा पहिला प्रश्न येतो, “पावती कोणाच्या नावाची?” सोसायटी म्हणून संस्था काढायला किमान सात सभासद हवेत. मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, पॅन, बँक खातं, ऑडिट आणि देणगीदाराला करसवलत देणारं 80 जी. एवढं जमलं तरी कंपन्यांचा सीएसआर निधी हवा असेल तर तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. परदेशी निधीसाठी तीन वर्षांत 15 लाख रुपये खर्च केल्याचा हिशेब लागतो. पैसा नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून पैसा नाही.

पूर्वी यावर एक वाट होती. मोठ्या संस्थेनं परदेशी निधी घ्यायचा आणि छोट्या संस्थेला पुढे द्यायचा. परकीय योगदान कायद्यातल्या सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनं ती बंद केली. मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 वर आली. देशी पैशावर तशी बंदी नाही, पण एका न्यासानं दुसऱ्याला दिलेल्या देणगीपैकी 85 टक्केच रक्कम खर्च म्हणून धरायची, असा नियम 2023 च्या वित्त कायद्यानं आणला. ‘पैसा पुढे देणं’ असं महाग आणि अवघड झालं. ‘प्रकल्प घरात घेणं’ मात्र चालतं. माणसं मातृसंस्थेच्या पगारपत्रकावर, बिलं तिच्या नावाची, ऑडिट तिचं. निधी कुणाकडे हस्तांतरित होतच नाही. अनुसंधाननं ही रचना कायदा बदलायच्या कितीतरी आधी स्वीकारली होती.

यात मातृसंस्थेला जोखीम आहेच. प्रकल्पानं हिशेब चुकवला तर नोटीस विश्वस्तांच्या नावानं येते. म्हणून नुसत्या ओळखीवर भागत नाही. प्रकल्पाची स्वतंत्र खातेवही, निर्णय कोणी घ्यायचे, मातृसंस्थेनं किती टक्के कापायचे, आणि पुढे प्रकल्प वेगळा झाला तर खुर्च्या, गाडी, नाव कोणाचं, हे पहिल्या दिवशी लेखी हवं. शेवटचा मुद्दा बहुतेक जण टाळतात. भांडणं तिथेच होतात.

शहादा, तळोदा, नंदुरबार भागात नियमित ऑडिट असलेले, कामं मंदावलेले जुने न्यास आहेत. त्यांच्या विश्वस्तांनी पुढच्या बैठकीत एवढा एक ठराव घ्यावा: दोन वर्षांसाठी एक नवा प्रकल्प आपल्या नोंदणीखाली, लेखी कराराने.