विस्तव घरात, वारा बाहेर

थंडीने माणसे दगावतात, हे आपण दर हिवाळ्यात ऐकतो. थंडी घालवण्यासाठी पेटवलेल्या विस्तवाने दगावणाऱ्यांची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. आज ती तुम्हाला सांगायची आहे. ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि दुर्दैवाने अजून संपलेली नाही.

कोळसा, लाकूड, गॅस किंवा पेट्रोल यांना जळताना पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. घशाला तो खवखवत नाही, डोळ्यांना झोंबत नाही. १८५७ च्या सुमारास क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याची करणी उलगडून दाखवली. आपल्या रक्तातला तांबडा पदार्थ, म्हणजे हिमोग्लोबिन, शरीरभर प्राणवायू पोचवतो. हा वायू प्राणवायूला हुसकावून त्याची जागा बळकावतो. प्राणवायूपेक्षा त्याची पकड दोनशे पटींहून अधिक घट्ट असते. भरल्या घरात माणूस गुदमरतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

शास्त्रज्ञांना हे कळले, म्हणून घराघरांत कळले असे नाही. २८ सप्टेंबर १९०२ च्या रात्री प्रसिद्ध कादंबरीकार एमिल झोला आणि त्यांची पत्नी पॅरिसमधल्या आपल्या घरी झोपले होते. खोलीत कोळशाचा विस्तव होता, खिडक्या बंद होत्या आणि धुराडे तुंबलेले होते. रात्री दोघांनाही बरे वाटेनासे झाले. नोकरांना हाक मारावी असे पत्नीला वाटत होते. पोट बिघडले असेल, सकाळी बरे वाटेल, असे म्हणून झोलांनी ते टाळले. सकाळी ते जमिनीवर मृतावस्थेत आढळले. पत्नी वाचली. धुराडे कोणी मुद्दाम बुजवले का, अशी शंका पुढे घेतली गेली. मला मात्र त्या रात्रीचा तो साधा समज जास्त महत्त्वाचा वाटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही या विषबाधेची लक्षणे अजीर्णासारखी किंवा तापासारखीच भासतात. तिथेच घात होतो.

त्याआधी सहा वर्षे, जानेवारी १८९६ मध्ये, वेल्समधल्या टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मृत्युमुखी पडले. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने मृतदेह तपासले. बहुतेकांचा बळी स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या या वायूने घेतला होता. त्याचा परिणाम नेमका कसा होतो हे पाहण्यासाठी हॉल्डेन यांनी तो स्वतः हुंगला होता आणि आपले रक्त तपासले होते. उंदीर किंवा पक्षी असा छोटा जीव खाणीत सोबत न्यावा, हा सल्लाही त्यांचाच. छोट्या जीवाचा श्वास जलद चालतो, म्हणून माणसाच्या आधी तो कोसळतो आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. ब्रिटनच्या खाणींतले हे कॅनरी पक्षी हटवून त्यांच्या जागी यंत्रे आणण्याचा निर्णय १९८६ मध्ये झाला. याच हॉल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

खाणीला पक्षी मिळाला. घराला काय मिळाले? जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बर्फाळ पावसाने विजेचे मनोरे मोडून पडले. काही गावांत महिनाभर वीज नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हिमवादळाने ४५ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. दोन्ही वेळी गारठलेल्या लोकांनी विस्तव घरात घेतला. कोणी कोळशाची शेगडी पेटवली, कोणी जनरेटर आत आणला, कोणी गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवून उबेला बसले. दोन्ही वेळी या वायूने बळी घेतले. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन येथे केरळहून गेलेले ८ पर्यटक असेच गेले. खोली बंद होती आणि आत गॅसचा हीटर जळत होता.

या साऱ्यात अज्ञानापेक्षा अगतिकता मोठी आहे, असे मला वाटते. मुले कुडकुडत असताना कोणताही बाप खिडकी उघडी ठेवायला धजत नाही. म्हणूनच काही गोष्टी वादळ येण्याआधी ठरवून ठेवायला हव्यात. जनरेटर घराबाहेर आणि दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब असावा. कोळशाची शेगडी घरात नकोच. बर्फात अडकलेल्या मोटारीचे इंजिन सुरू करण्याआधी धूर सोडणारी नळी मोकळी करावी. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना, घरात बॅटरीवर चालणारा धोक्याचा गजर आहे का, हे फोनवर आवर्जून विचारावे.

आपल्याकडे हिमवादळे नाहीत, म्हणून निर्धास्त राहू नये. छोट्या बंद न्हाणीघरातला गॅस गिझर हेच काम करतो. तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आणि घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर गोळी शोधत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग डॉक्टरांना गाठा.