प्रधान विषयाची निवड



पदवीसाठीं कोणता विषय प्रधान म्हणून घ्यावा, ह्याचा निर्णय अमेरिकेंतील बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत करावा लागतो. ही पद्धति कशी घडत गेली, हें पाहणें आपणांसही उद्बोधक होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील कॉलेजांत निवडीचा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. लॅटिन, ग्रीक, गणित, नीतिशास्त्र हा ठराविक क्रम बहुतेक सर्वांनीं पुरा करावयाचा. १८६९ सालीं चार्ल्स एलियट हे रसायनशास्त्रज्ञ हार्वर्डचे अध्यक्ष झाले, तेव्हां ते अवघे ३५ वर्षांचे होते. प्रत्येकाच्या बुद्धीचा ओढा निराळा, मग सर्वांना एकच पाठ कां, असा त्यांचा पक्ष होता. त्यांनीं सक्तीचे विषय एकेक करून कमी केले. शतक संपतां संपतां इंग्रजी लेखनाखेरीज सक्तीचें असें जवळजवळ कांहींच उरलें नाहीं.

ह्या स्वातंत्र्याचें कोणीं सोनें केलें, कोणीं मातेरें. अभ्यासू विद्यार्थी एका विषयाच्या तळापर्यंत गेले. आळशांनीं अनेक विषयांची तोंडओळख तेवढी करून घेतली आणि पदवी पदरांत पाडली.

१९०९ सालीं एलियट ह्यांच्या जागीं लॉरेन्स लोवेल आले. त्यांनीं मध्यम मार्ग काढला. पदवीच्या १६ अभ्यासक्रमांपैकीं निदान ६ एकाच क्षेत्रांतले घ्यावे, आणि निदान ६ त्याबाहेरच्या निरनिराळ्या क्षेत्रांत वांटावे. एका ठिकाणीं खोली, इतरत्र परिचय, असा हा मेळ होता.

ह्याच हार्वर्डचे १९२९ सालचे एक पदवीधर म्हणजे गोव्यांत जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. पुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं गणित शिकविलें. पण तीच गणिती शिस्त त्यांनीं प्राचीन नाण्यांच्या वजनांना लावली, आणि १९५६ सालीं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. एका विषयांत मुरलेली बुद्धि दुसऱ्या विषयांत परकी राहत नाहीं, ह्याचें हें उत्तम उदाहरण होय.

शाळामास्तर म्हणून मीं पाहिलें, तें हें: मुलगा कशांत हुशार आहे, असें पालक नेहमीं विचारीत, त्याला कशाचा कंटाळा येत नाहीं, हें क्वचितच कोणी विचारी. एलियट ह्यांनीं विद्यार्थ्याला अधिकार दिला; लोवेल ह्यांनीं त्या अधिकाराला जबाबदारीची जोड दिली. आपल्या घरांत हा प्रश्न निघेल, तेव्हां वडील मंडळींनीं दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. निवड मुलाची असूं द्यावी. निवडल्यावर तळ गाठण्याचा आग्रह मात्र आपण धरावा.