‘माझा कॅमेरा हॅक करून कुणाला काय मिळणार?’ | आयओटी सुरक्षा म्हणजे काय?

वायफाय राउटर, सीसीटीव्ही कॅमेरा, डीव्हीआर, स्मार्ट टीव्ही, स्मार्ट बल्ब अशा इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंना ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ म्हणजेच आयओटी डिव्हाइस म्हणतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे कोणता कॅमेरा घ्यायचा हे ओळखीतले लोक मला हमखास विचारतात. पण पासवर्ड बदला म्हटलं की उत्तर ठरलेलं: “आमचं पार्किंग बघून कुणाला काय मिळणार?” आज याच प्रश्नाचं उत्तर पाहूया.

हॅकरला नेमकं काय हवं असतं?

कुणीतरी आपला व्हिडिओ बघेल, हा धोका आहेच. पण बऱ्याचदा हॅकरला तुमच्या व्हिडिओत काडीचाही रस नसतो. कॅमेरा म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि इंटरनेट असलेला छोटा कॉम्प्युटरच. त्याला हवा असतो तो. अशी हजारो डिव्हाइस एकाच्या हुकमावर चालू लागली की त्याला बॉटनेट म्हणतात. या सगळ्यांनी मिळून एखाद्या सर्व्हरवर रिक्वेस्टचा मारा केला की खऱ्या युजर्सना तो सर्व्हर उत्तरच देऊ शकत नाही. हाच डीडीओएस अटॅक.

२०१६ चं ‘मिराई’ प्रकरण

मिराई हा मालवेअर इंटरनेटवर उघडी डिव्हाइस शोधायचा आणि कंपनीने दिलेले सुमारे ६० युजरनेम-पासवर्ड लावून बघायचा. ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’सारखे! एवढ्यावर एका वेळी सुमारे ६ लाख डिव्हाइस त्याच्या ताब्यात होती. सप्टेंबर २०१६ च्या शेवटी त्याचा सोर्स कोड सार्वजनिक झाला आणि तो कुणालाही वापरता येऊ लागला. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेतल्या डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा. तीच कोलमडल्याने ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साइट्स अनेकांना काही तास उघडेनात. मूळ मिराई बनवणाऱ्या ३ अमेरिकन तरुणांनी २०१७ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला.

मग आपल्याला धोका जाणवत का नाही?

कारण आपलं काहीच बिघडत नाही. चित्र दिसतं, रेकॉर्डिंग होतं. फोनसारखा स्क्रीनही नाही की काहीतरी विचित्र दिसावं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचतं आपल्याकडे, डेंग्यू होतो शेजारच्याला, तसंच हे. मालकाला त्रास नाही म्हणून तो तक्रार करत नाही आणि स्वस्त माल विकणाऱ्या कंपनीलाही सुरक्षेवर खर्च करावासा वाटत नाही. म्हणूनच शेवटी कायदे करावे लागतात. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येणारे डीफॉल्ट पासवर्ड देऊन अशी उपकरणं विकता येत नाहीत. भारतातही २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणीचे नियम लागू झाले आहेत.

तुम्ही काय कराल?

१. राउटर, कॅमेरा आणि डीव्हीआरचा डीफॉल्ट पासवर्ड आजच बदला. वायफायचा पासवर्ड आणि राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळे असतात, दोन्ही बदला.
२. फर्मवेअर अपडेट करा. काही जुन्या डिव्हाइसमध्ये पासवर्ड आतच पक्का केलेला असतो, तो बदलताच येत नाही. अपडेटही येत नसेल तर ते इंटरनेटपासून तोडलेलं बरं.
३. राउटरमधलं रिमोट मॅनेजमेंट आणि यूपीएनपी गरज नसेल तर बंद ठेवा.
४. स्मार्ट डिव्हाइस गेस्ट वायफायवर जोडा.
५. नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही. मिराई मेमरीतच राहतो, म्हणून रीस्टार्टने जातो. पण पासवर्ड जुनाच असेल तर काही मिनिटांत परत येऊ शकतो.

बहुतेक घरांत कॅमेरा बसवणारा माणूस चित्र दिसलं की निघून जातो. पुढच्या वेळी त्याला जाऊ देण्याआधी पासवर्ड आपल्यासमोर बदलून घ्या. तुमच्या राउटरचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला होता? कमेंटमध्ये नक्की सांगा (फक्त पासवर्ड सांगू नका!).