परिचर्या नोंदणी परीक्षेची तयारी (अंबड, नाशिक)

परिचर्या नोंदणी परीक्षेची तयारी : परिचारिका किंवा परिचारक म्हणून काम करण्याचा कायदेशीर अधिकार मिळवण्यासाठी करायचा अभ्यास, वॉर्डातला सराव आणि कागदपत्रांची पूर्तता. भारतात शिक्षण संपल्यावर परवान्यासाठी निराळी परीक्षा द्यावी लागत नाही. मंडळाची किंवा विद्यापीठाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण व्हायचे आणि राज्य परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव लावून घ्यायचे, या दोन पायऱ्यांनी परवाना पुरा होतो. त्यामुळे अंतिम वर्षाची परीक्षा हीच इथली खरी परवाना परीक्षा ठरते. परदेशात नोकरी करायची असेल तर त्या देशाची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. ही नोंद नाशिक शहरातील अंबड या औद्योगिक परिसराच्या संदर्भात आहे. जालना जिल्ह्यातील अंबड हे तालुक्याचे गाव वेगळे.

पार्श्वभूमी

परिचारिकांची राष्ट्रीय नोंदवही कायद्याने सुरू करणारा पहिला देश न्यूझीलंड. तिथला कायदा १९०१ चा. ब्रिटनमध्ये असा कायदा १९१९ मध्ये झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा अशा नोंदणीला विरोध होता. परिचारिकेची योग्यता लेखी परीक्षेने मोजता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. उलट बाजूने एथेल बेडफर्ड फेनविक यांनी, रुग्णाला प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित व्यक्ती ओळखता यायला हवी, हा मुद्दा तीस वर्षे लावून धरला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच आजही लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते.

महाराष्ट्रात परिचर्येच्या शिक्षणाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रुग्णालयांतून झाली. प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव १८९१ सालाशी जोडले जाते. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या सेवासदनने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले. ज्या काळात घरंदाज स्त्रीने परक्या रुग्णाला हात लावणे समाजाला खपत नव्हते, त्या काळात हे घडले. आज नर्सिंगच्या परीक्षेला बसणारी प्रत्येक मुलगी या स्त्रियांनी मोकळ्या केलेल्या वाटेने चालते.

कायदा आणि संस्था

मुंबई प्रांतात परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. भारतीय परिचर्या परिषदेचा केंद्रीय कायदा १९४७ चा, तर महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका अधिनियम १९६६ चा. त्यानुसार मुंबईतील महाराष्ट्र परिचर्या परिषद राज्याची नोंदवही ठेवते. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. जुन्या केंद्रीय कायद्याची जागा नव्या व्यवस्थेने घ्यावी, हा त्याचा हेतू आहे.

परीक्षा घेणाऱ्या संस्था दोन. दोन वर्षांचा एएनएम (साहाय्यक परिचारिका व प्रसविका) आणि तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) या पदविकांची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच, म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर आहे. अंबड शहराच्या नैर्ऋत्येला आणि म्हसरूळ उत्तरेला असले, तरी दोन्ही एकाच शहरात असल्याने इथल्या विद्यार्थ्यांना परीक्षा विभागातले काम सकाळी जाऊन दुपारपर्यंत उरकता येते. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गच्या विद्यार्थ्याला त्याच कामासाठी लांबचा प्रवास करावा लागतो.

अंबडचा परिसर

अंबड ही सातपूरच्या जोडीने नाशिकची मोठी औद्योगिक वसाहत. तिला लागून सिडकोची दाट वस्ती आहे आणि तिथे कामगार कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कामगारांसाठीचे राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय सातपूरला आहे. त्र्यंबक रस्त्यावर जिल्हा शासकीय रुग्णालय आणि आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. औद्योगिक वसाहतीचा परिचर्येशी संबंध जुना आहे. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वैद्यकीय आणि परिचर्या कर्मचाऱ्यांसह उपचार कक्ष (ॲम्ब्युलन्स रूम) ठेवणे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने बंधनकारक केले.

अशा परिसरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तकातले प्रथमोपचार परके वाटत नाहीत. प्रेस मशीनखाली बोट तुटले तर तुटलेला भाग ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी मरतात. डोळ्यात रसायन उडाले तर दुसरे काही करण्याआधी निदान १५ ते २० मिनिटे पाण्याची धार सोडायची. परीक्षेत हे प्रश्न थोड्या गुणांचे असतात. अंबडच्या एखाद्या शॉपफ्लोअरवर मात्र याच उत्तरांवर कामगाराचा हात किंवा डोळा वाचतो.

परीक्षेचे स्वरूप

जीएनएमच्या पहिल्या वर्षी शरीररचना व शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य आणि परिचर्येची मूलतत्त्वे. दुसऱ्या वर्षी वैद्यकीय व शल्यचिकित्सा परिचर्या, मानसिक आरोग्य आणि बालपरिचर्या. तिसऱ्या वर्षी प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या, सामुदायिक आरोग्याचा पुढचा भाग आणि आंतरवासिता, असा क्रम असतो. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण लागतात. परीक्षेला बसण्यासाठी वर्गातली ८० टक्के हजेरी लागते. क्लिनिकल हजेरी मात्र शिक्षण संपण्यापूर्वी पूर्ण १०० टक्के भरून द्यावी लागते. बुडालेली पोस्टिंग नंतर भरावीच लागते, त्यात सवलत नाही.

प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला रुग्ण दिला जातो. इतिहास घ्यायचा, तपासणी करायची, गरजा ओळखून केअर प्लॅन लिहायचा, एक प्रक्रिया करून दाखवायची आणि मग व्हायवा (तोंडी परीक्षा). सोबत जर्नल, केस स्टडी आणि प्रसूतीचे केस बुक तपासले जाते. वर्षानुवर्षे चालत आलेल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने स्वतः २० नैसर्गिक प्रसूती केल्याची नोंद या केस बुकात असणे आवश्यक होते. केस बुक परीक्षेच्या आदल्या महिन्यात भरून होत नाही. लेबर रूमच्या नाईट ड्युट्यांत एकेक नोंद करत, इन्चार्ज सिस्टरांची सही त्याच दिवशी घेत ते पुरे करावे लागते.

तयारीची पद्धत

वॉर्ड आणि पुस्तक यांची जोड : दिवसभर सांभाळलेल्या रुग्णाचा आजार त्याच संध्याकाळी वाचणे, ही सर्वांत टिकाऊ पद्धत. गर्भारपणातील झटक्यांच्या (एक्लॅम्प्सियाच्या) रुग्णाला मॅग्नेशियम सल्फेट देण्याआधी सिस्टर तीन गोष्टी पाहतात : गुडघ्याचा प्रतिक्षेप येतो का, श्वसन मिनिटाला किमान १६ आहे का, लघवी तासाला किमान ३० मिलि होते का. कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन हाताशी ठेवलेले असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्याला ते पाठ करावे लागत नाही. व्हायवात ‘का’ विचारले तरी तो अडत नाही, कारण औषध जास्त झाल्यास आधी प्रतिक्षेप जातो आणि मग श्वास मंदावतो, हा क्रम त्याला उमगलेला असतो.

औषधमात्रेचे गणित : कलाशाखेतून आलेल्या विद्यार्थ्यांना याची भीती असते. ती सूत्राने जाते. सांगितलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा, गुणिले द्रावणाचे आकारमान. सलाईनसाठी एकूण मिलि गुणिले एका मिलितले थेंब, भागिले एकूण मिनिटे. ५०० मिलि सलाईन ४ तासांत द्यायचे आणि सेटमधून मिलिला २० थेंब पडत असतील, तर १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. मायक्रोड्रिप सेटमध्ये मिलिला ६० थेंब असतात, त्यामुळे तासाला जितके मिलि तितकेच मिनिटाला थेंब. उत्तर आल्यावर ते या वयाच्या, या वजनाच्या रुग्णाला पटण्यासारखे आहे का, हे पाहण्याची सवय लावली पाहिजे. दशांश चिन्ह एक घर सरकले तर बाळाला दहापट औषध जाते.

अग्रक्रम ठरवणे : ‘आधी कोणाकडे जाल?’ हा प्रश्न भरती परीक्षांत आणि परदेशी परीक्षांत हमखास असतो. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण हा क्रम सर्वांना माहीत असतो. कसोटी असते ती बारकाव्यांची. शस्त्रक्रियेनंतर कळा येणारा, साखर तपासायची असलेला, डिस्चार्जची वाट पाहणारा आणि सकाळपासून छातीत घरघर असून आता ती अचानक थांबलेला दम्याचा रुग्ण, यांत शेवटच्याकडे आधी धावायचे. घरघर थांबणे म्हणजे आराम पडणे नव्हे. हवा आत जाणेच बंद पडल्याची ती खूण असू शकते.

भाषा : नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलींना इंग्रजी पुस्तकांचा मोठा अडथळा वाटतो. संज्ञा इंग्रजीत आणि कारणे मराठीत, असे स्वतःचे टिपण केल्याने तो बराच कमी होतो. आधी मराठीत समजून घेतलेले उत्तर नंतर सोप्या इंग्रजीत मांडता येते; न समजता पाठ केलेले इंग्रजी व्हायवाच्या दुसऱ्या प्रश्नाला कोसळते. शिवाय रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलता येणे ही या मुलींची मोठी ताकद आहे, आणि शिक्षकांनी ती त्यांना जाणवून द्यायला हवी.

नोंदणी आणि भरती

उत्तीर्ण झाल्यावर गुणपत्रके, उत्तीर्णतेचे व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्रांसह परिषदेकडे अर्ज करावा लागतो. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्यांची नोंद परिचारिका आणि प्रसविका अशा दोन्ही नात्यांनी होते. शाळेच्या दाखल्यापासून पदविकेपर्यंत नावाचे स्पेलिंग एकसारखे ठेवणे हाही तयारीचाच भाग आहे, कारण पुढे प्रत्येक पडताळणीत तेच पाहिले जाते. केंद्रीय संस्थांतील नर्सिंग ऑफिसर पदांसाठी दिल्लीची एम्स २०२० पासून ‘नॉर्सेट’ ही सामाईक परीक्षा घेते. तिला बसण्यासाठी राज्याची नोंदणी आधी असावी लागते.

परदेशातील परवाना परीक्षा

अमेरिकेची एनक्लेक्स १९९४ पासून संगणकावर घेतली जाते आणि उमेदवाराच्या उत्तरांप्रमाणे पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. आता तिच्यात ८५ ते १५० प्रश्न आणि ५ तासांचा अवधी असतो. एप्रिल २०२३ पासून एकाच रुग्णाची उलगडत जाणारी माहिती देऊन निर्णयक्षमता तपासणारे प्रश्न तिच्यात आले. भारतातील तिच्या केंद्रांपैकी एक मुंबईत आहे. ब्रिटनसाठी आधी संगणकावरील चाचणी आणि तिकडे पोहोचल्यावर १० टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. इंग्रजीसाठी ओईटी किंवा आयईएलटीएस लागते. आखाती देशांसाठी प्रोमेट्रिकच्या केंद्रांवरील बहुपर्यायी परीक्षा आणि कागदपत्रांची डेटाफ्लो पडताळणी असते. जर्मनीसाठी भाषेची बी-२ पातळी गाठावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यावर या वाटेकडे मराठी मुलामुलींचे लक्ष वळले. कोणत्याही देशाचा अर्ज भरताना मूळ राज्य परिषदेतील नोंदणी चालू असल्याचे पत्र लागते. म्हणजे सगळ्या वाटा घरच्या नोंदवहीतूनच जातात.

नोंदणीनंतर

नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या अवधीत १५० तासांचे निरंतर परिचर्या शिक्षण व्हावे, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. औषधे, लसीकरणाची वेळापत्रके, संसर्गनियंत्रणाचे नियम बदलत राहतात, आणि दहा वर्षांपूर्वी पाठ केलेले उत्तर आज रुग्णाला अपाय करू शकते. म्हणून परीक्षेसाठी लावलेली सवय, सांभाळलेल्या रुग्णाबद्दल त्याच दिवशी वाचण्याची, ही नोकरी लागल्यावरही चालू ठेवावी. रुग्णाला नोंदणी क्रमांक दिसत नाही. पण त्या क्रमांकामागे चालू अभ्यास आहे, असे गृहीत धरूनच तो आपला हात पुढे करतो.