करवतीचे दात आणि क्रकचव्यवहार

मराठीतील ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’पासून प्राकृत ‘करवत्त’मार्गे आला. कर म्हणजे हात, पत्र म्हणजे पाते. फारसी वळणाच्या ‘आराकश’ या शब्दात करवत ओढणारा दिसतो. तिचे दात घासून धार लावणाऱ्याच्या श्रमाला मात्र यांपैकी एकाही शब्दात जागा नाही. हीच उणीव ग्रंथांतही जाणवते. मज्झिमनिकायातील ककचूपमसुत्तात दोन्ही टोकांना मूठ असलेली करवत येते. दोघांनी ओढण्याचे हे हत्यार रचनाकाराच्या पाहण्यातले असावे. परंतु तिथे ती क्षमेची कसोटी आहे, लाकूड कापण्याचे साधन नव्हे.

प्रत्यक्ष कामाचा विचार गणितग्रंथांत आढळतो. ब्रह्मगुप्ताने (इ. स. ६२८) आणि पुढे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ‘क्रकचव्यवहार’ हे स्वतंत्र प्रकरण मांडले. बुंध्याची जाडी २० अंगुळे, शेंड्याची १६, लांबी १०० आणि काप चार, असे भास्कराचार्यांचे उदाहरण आहे. जाड्यांची सरासरी १८; तिला लांबीने व कापांच्या संख्येने गुणून ५७६ ने भागले की साडेबारा चौरस हात येतात. ५७६ म्हणजे चोवीसाचा वर्ग, कारण हाताची अंगुळे चोवीस. मोजले जाते ते कापलेले पृष्ठ, आणि ते सपाट आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात एका बाजूचे दात अधिक वाकलेले असले की काप त्या बाजूला सरकतो. पाते सैल असले तर फळी लहरते. हे दोष सूत्रात शिरत नाहीत.

तरीही भास्कराचार्य एक महत्त्वाची सोय ठेवतात. मजुरीचा दर कारागिरांच्या संमतीने आणि द्रव्याच्या मऊ-कठीणपणावरून ठरावा, असे ते सांगतात. या सवलतीत धारेचा श्रम अप्रत्यक्षपणे सामावला आहे, असे मानता येते. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे दात लवकर बोथटतात. पृष्ठफळ तेवढेच राहिले तरी कानस अधिक वेळा हाती घ्यावी लागते.

ग्रीक परंपरेत हा तपशील उघडपणे येतो. इ. स. पूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकांतील थिओफ्रास्टस वनस्पतींवरील ग्रंथात सांगतो की ओले लाकूड मिटते, भुसा दातांत अडकतो, म्हणून दात आलटूनपालटून दोन्ही बाजूंना वाकवतात. प्लिनीनेही पुढे ही युक्ती नोंदवली. त्यावरून ग्रीक कारागीर अधिक जाणता होता असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल (तौलनिक अभ्यासात ही घाई नवी नाही). थिओफ्रास्टसचा विषय लाकडाचे गुणधर्म हा होता, भास्कराचार्यांचा हिशेब. हिशेबाला कापाची मोजणी पुरते. दातांची देखभाल दर ठरवताना होणाऱ्या बोलाचालीवर सोडलेली आहे, आणि ती बोलाचाल कोणी लिहून ठेवली नाही.